महागाचं तेल आणि माझा डावा हात

मी रिक्षा चालवते. बावीस वर्षं झाली. आता सत्तरीला टेकले आहे, तरी चालवते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण लोक पुढचं ऐकायच्या आत तेच विचारतात. का चालवता? मुलगा बघत नाही का? मुलगा बघतो. खराडीला कंपनीत आहे, वाघोलीला स्वतःचा फ्लॅट आहे, त्यात माझ्यासाठी एक खोली ठेवली आहे. मी तिथे दोनदा राहून आले. खोली चांगली आहे. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या खिडक्या दिसतात. दुसऱ्या खेपेला चौथ्या दिवशी मी सुनेला विचारलं, "मी इथे करायचं काय?" ती म्हणाली, "काही करायचं नाही आई, आराम करायचा." मी पिशवी भरली.

मी कोथरूडला सुतारदऱ्यात राहते. घर चढावर आहे. नवऱ्याची पाठ गेली तेव्हा रिक्षा दारात उभी राहिली. शेजारच्या बायका म्हणाल्या, शिवणकाम कर. मी रिक्षा शिकले, कारण रिक्षा दारात होती आणि शिलाई मशीन नव्हतं. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. मधे एकदा गाडी बदलली. मी बदलले नाही.

शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी अक्षरं येतात ती नंबरप्लेटवरून. पण गाडीकडे माझं लक्ष असतं. दर तीन महिन्यांनी तेल बदलते, मग काही होवो. त्यातली एक पाळी दसऱ्याच्या आधी येते. दसऱ्याला गाडीला हार घालायचा आणि पोटात मात्र काळं झालेलं तेल ठेवायचं, हे मला पटत नाही. तेल नेहमीचं, मध्यम भावातलं. स्वस्तातलं सुटं तेल मी कधी घातलं नाही आणि फार महागातलंही नाही.

गेल्या दसऱ्याच्या आधीच्या रविवारी मुलगा आला. हातात प्लास्टिकचा चकचकीत डबा.

"आई, हे घे. फुल सिंथेटिक आहे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे सगळ्यात भारी. माझ्या गाडीला चार लिटरचा डबा आणला होता. तीन लिटर गेलं, एक उरलं. तुझ्या रिक्षाला घाल."

"पुढच्या वेळी तुझ्याच गाडीत घाल की."

"पुढची वेळ वर्षाने येणार. वर्षभर उघडा डबा कोण ठेवणार? लिटरला आठशे रुपये आहेत आई. वाया घालवू?"

माझं तेल लिटरला साडेतीनशेच्या आसपास मिळतं. आठशे ऐकल्यावर मी डब्याकडे पुन्हा बघितलं. तरी विचारलं, "आठशे रुपयांत ते करतं काय?"

"घर्षण कमी करतं. म्हणजे एकमेकांवर घासणं. आत सगळं कसं सटासट फिरतं."

मी डबा घेतला. इथे कोणाला दोष द्यायचा नाही. आमच्या घरात उरलेली भाजी सकाळी थालीपिठात जाते, उरलेला साबण नव्या साबणाला चिकटतो. आठशे रुपयांचं तेल मी मोरीत ओतणार नव्हते. फुकट आलं म्हणून घेतलं. चूक तिथेच झाली आणि ती माझी आहे.

सोमवारी मिस्त्रीकडे गेले. स्टँडच्या मागे त्याचं दुकान आहे, दुकान म्हणजे पत्रा आणि दोन बाकं. त्याने डबा हातात घेतला, फिरवून बघितला, झाकण काढून नाकाशी नेला.

"मावशी, हे साहेब लोकांचं तेल."

"माझा मुलगा साहेबच आहे. ओत."

त्याने जुनं काढलं, नवं ओतलं. थोडं कमी पडलं तेवढं नेहमीचं घातलं. दोन दिवस गाडी अशी चालली की काय सांगू. इंजिनाचा आवाज खाली आला. मूठ पिळली की गाडी पळायची. स्टँडवर सगळे मला आक्का म्हणतात. त्यांना मी ऐकवूनही आले, "तुम्ही घाला तुमचं साडेतीनशेचं, मी आठशेचं घातलंय." एक जण म्हणाला, "आक्का, आता विमानतळाचीच भाडी घ्या. आम्ही आहोत भाजी मंडईला."

बुधवारी दुपारी मी आमच्या वरच्या गल्लीतल्या एका बाईंना घेऊन चढाला लागले. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, बरोबर महिन्याचा किराणा. निम्म्या चढावर इंजिन ओरडायला लागलं आणि गाडी मात्र मंद झाली. मी मूठ आणखी पिळली. ओरडणं वाढलं, गाडी थांबली. मग मागे सरकायला लागली. मी ब्रेकवर उभी राहिले. किराणा दुकानातली दोन माणसं धावत आली, एकाने चाकामागे दगड लावला.

बाई म्हणाल्या, "मावशी, मी उतरते. तुम्ही सावकाश या." आणि त्या नव्या गुडघ्यावर चालत वर गेल्या. मी दगडाला टेकलेल्या रिक्षात बसून त्यांची पाठ बघत राहिले. बावीस वर्षांत माझं कोणतंच भाडं चढावर उतरून चालत गेलं नव्हतं.

कोणीतरी हे सगळं मोबाइलवर घेतलं. गल्लीच्या ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, "सत्तरीच्या आजी अजून रिक्षा चालवतात, अपघात झाला तर जबाबदार कोण?" आणि पुढे हात जोडलेली चार चित्रं. जोडलेले हात कशासाठी होते ते मला अजून कळलेलं नाही. मी गाडी थंड करून घरी पोचायच्या आत ते वाघोलीला पोचलं होतं.

मुलाचा फोन आला. "आई, झालं ना आता?"

"काय झालं? गाडी घसरली. गाडीला काहीतरी झालंय."

"गाडीला काही झालेलं नाही. नवं तेल घातलंय, तेही एवढं भारी. आई, तुझा हात आता क्लचवर नीट राहत नाही. वय होतं, त्यात लाजायचं काय?"

मग त्याने खरी गोष्ट सांगितली. त्याच्या ओळखीचा एक रिक्षावाला होता, त्याला कोथरूडमध्ये चालवायला गाडी हवीच होती. दसऱ्याच्या मुहूर्तावर तो विसार देणार, कागद नंतर होतील. रविवारी मुलगा त्याला घेऊन येणार.

"मला विचारलंस?"

"विचारतोच आहे ना."

"हे विचारणं?"

"आई, त्या बाई पडल्या असत्या तर?"

मी फोन ठेवला.

गुरुवारी मिस्त्रीकडे गेले. त्याने एक चक्कर मारली, परत आला, हात पुसले.

"प्लेटा घसरतात मावशी. क्लचच्या प्लेटा गेल्या."

"पाच महिन्यांपूर्वी तूच टाकल्यास."

"म्हणून तर म्हणतो. पाच महिन्यांत प्लेटा जातात म्हणजे चालवणारा हाफ क्लच ठेवतो. लिव्हर अर्धा दाबून. तुमच्या बोटांना आता कळत नसेल."

"माझ्या बोटांना सगळं कळतं."

"राग मानू नका. माझ्या वडिलांचंही असंच झालं होतं." त्याच्या वडिलांना मी ओळखत होते. ते दुपारी बारापासून प्यायचे. पण तोवर मला स्वतःलाच शंका यायला लागली होती.

हे लिहायला मला आवडत नाही, पण लिहिते. मी घाबरले. क्लच म्हणजे डाव्या हाताचं लिव्हर. ते दाबलं की इंजिन आणि चाकं सुटी होतात, सोडलं की जोडली जातात. बोटं नकळत लिव्हरवर राहिली तर जोड अर्धवट राहते आणि गाडी ओढत नाही. हे मी नवशिक्यांना शिकवलेलं आहे. आता तेच मला सांगत होते. आणि हिशोबही जुळत होता. बुधवारी आणि गुरुवारी, दोन्ही दिवस सकाळी गाडी नीट चालली, दुपारनंतर घसरली. सकाळी माझा हात ताजा, दुपारी थकलेला. त्या संध्याकाळी मी पाटावर बसून ओला टॉवेल डाव्या हाताने पिळत बसले. पाणी निघत होतं. पण टॉवेल पिळता येतो म्हणून क्लच कळतो असं नाही. नकळत होणारी गोष्ट कळणार कशी? मी वाघोलीच्या खोलीचा विचार केला. खिडकीशी बसून दुसऱ्यांच्या खिडक्या मोजायच्या. बसले असते तर दोन वर्षांत मेले असते आणि सगळे म्हणाले असते, शेवट सुखात गेला.

शुक्रवारी मी गाडी काढलीच नाही. लाज वाटत होती. दसऱ्यासाठी पितळेची भांडी काढली आणि चिंचेने घासत बसले. समया, तांब्या, परात, नवऱ्याच्या आईचा हंडा, सगळं. दिवेलागणीपर्यंत दोन्ही हात इतके भरून आले की चहाचा कप दोन हातांनी उचलावा लागला. तेव्हा डोक्यात आलं, हात थकल्यावर गाडी घसरत असेल तर आत्ता घसरली पाहिजे. आत्ता नाही घसरली तर मग कधी?

तशीच उठले. गाडी दिवसभर सावलीत उभी, गार. चढाच्या पायथ्याशी नेली आणि वर घेतली. गाडी बिनतक्रार वर गेली. एकदा नाही, दोनदा.

मग मी पौड रस्त्याला अर्धा तास रिकामी फिरवली. इंजिन तापलं. परत चढाला लागले. या वेळी मी डाव्या हाताची चारही बोटं मुठीखाली घट्ट आवळून धरली, लिव्हरला शिवलेसुद्धा नाही. आणि गाडी घसरली. इंजिन ओरडलं, चाकं ओढेनात. मी ब्रेक दाबून तिथेच थांबले आणि एकटीच मोठ्याने म्हणाले, "म्हणजे थकते ती गाडी. मी नाही."

आता एकच प्रश्न उरला. रविवारपर्यंत गाडी नीट होती, बुधवारी बिघडली. मधे बदललं काय? एकच गोष्ट. आणि त्या एका गोष्टीवर मुलाने, मिस्त्रीने, स्टँडवरच्यांनी, मीसुद्धा, कोणीच संशय घेतला नव्हता. साडेतीनशेचं तेल असतं तर पहिली शिवी त्यालाच बसली असती.

शनिवारी सकाळी डबा पिशवीत घालून नाना पेठेत गेले. तिथे सुट्या भागांची दुकानं रांगेने आहेत. एका जुन्या तेलाच्या दुकानात माझ्याच वयाचे एक गृहस्थ गल्ल्यावर बसले होते. मी डबा समोर ठेवला.

"हे तेल कसं आहे?"

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "उत्तम आहे. पाहिजे?"

"नको. माझ्याकडे आहे. गाडी घसरते."

"गाडी कोणती?"

"रिक्षा."

"रिक्षा." त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला. "बाई, हे चारचाकीचं तेल आहे. डब्यावर चारचाकीचं चित्र काढलंय, ते काय शोभेला?"

"तेल ते तेल. महाग आहे म्हणजे चांगलं असणार, असं वाटलं."

"चांगलं आहेच. चारचाकीला. चारचाकीचा क्लच बाहेर असतो, कोरडा. त्याला तेल लागत नाही. तुमच्या रिक्षाचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो. प्लेटा एकमेकींना धरून बसतात तेव्हा गाडी ओढते. आणि हे तेल बनवलंयच कशासाठी? कोणी कोणाला धरू नये म्हणून. तेलाच्या हातांनी बरणीचं झाकण उघडता येतं का तुम्हाला?"

"नाही."

"मग. गार असताना जाड असतं तोवर धकतं. तापलं की पातळ होतं आणि प्लेटा सुटतात. दुचाकीच्या आणि रिक्षाच्या तेलावर मागच्या बाजूला एम ए असं लिहिलेलं असतं. तुमच्या डब्यावर शोधा."

मी शोधलं. एम मला येतो, ए पण येतो. जोडीने कुठेच नव्हते.

मग मी त्यांना थेट विचारलं, कारण एवढं लांब आले होते. "माझ्या रिक्षाला चालेल असंही महागातलं मिळत असेल. ते घेण्यात अर्थ आहे का?"

"मिळतं. तुम्ही तेल किती दिवसांनी बदलता?"

"तीन महिन्यांनी."

"चुकवता?"

"कधीच नाही."

"मग कशाला घेता? महागाचं तेल जास्त दिवस टिकतं, हा त्याचा मोठा गुण. तुम्ही त्याला तेवढे दिवस ठेवणारच नाही. दुप्पट पैसे देऊन चांगलं तेल काढून टाकायचं. मी विकायला बसलोय तरी सांगतो." त्यांनी माझं नेहमीचं तेल फळीवरून काढून दिलं. "ज्यांना बदलायचा कंटाळा असतो त्यांनी घ्यावं. किंवा ज्यांना शेजाऱ्याला सांगायचं असतं."

शेवटचं वाक्य मला लागलं, कारण स्टँडवर मी तेच केलं होतं.

तिथून सरळ मिस्त्रीकडे. त्याला सगळं सांगितलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "एवढं महाग म्हटल्यावर मी कशाला वाचतोय मावशी?"

"माझा हात मात्र लगेच वाचलास."

त्याने तेल काढलं, क्लच खोलला, प्लेटा पेट्रोलने धुतल्या, पॉलिश पेपरने हलक्या घासल्या. जळल्या नव्हत्या, नुसत्या गुळगुळीत झाल्या होत्या. नवं तेल ओतलं. मजुरी घ्यायला तयार नव्हता. मी दिली. फुकट घेतल्याचं काय होतं ते आठवडाभर बघत होते.

रविवारी दसरा. मी सकाळी गाडी धुतली, हळदीकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आणि तासभर भाडी मारून आले, गाडी चांगली तापवून. गार गाडी चढवून दाखवली असती तर म्हणाले असते, दुपारी तापल्यावर बघू. दहाच्या सुमाराला मुलगा आला, सून आली आणि ते गिऱ्हाईक आलं. चाळिशीचा, साधा माणूस. त्याने मला नमस्कार केला आणि गाडीभोवती फिरायला लागला.

मी म्हटलं, "नुसती बघून काय कळणार? बसा. तिघंही."

मुलगा म्हणाला, "आई, चढावर नको."

"भाजी मंडईला जायचंय का आपल्याला? बसा."

तिघं मागे बसली, सून मधे. मी चढाला लागले. बुधवारी जिथे गाडी थांबली होती, किराणा दुकानासमोर, तिथे मी मुद्दाम ब्रेक मारला. गाडी चढावर उभी. दुकानातले दोघे बाहेर आले. त्यातला एक दगड शोधायला लागला.

सून म्हणाली, "आई, अहो नको ना."

मी क्लच सोडला, मूठ पिळली, ब्रेकवरचा पाय काढला. गाडी बोटभरही मागे गेली नाही. तीन माणसं घेऊन सरळ वर गेली. वरच्या सपाटीवर मी गाडी थांबवली आणि मागे वळले.

गिऱ्हाईकच आधी बोललं. "गाडी झकास आहे. मी दहा हजार वाढवून देतो."

मुलाने माझ्याकडे बघितलं.

"गाडी विकायची नाही," मी म्हटलं.

तो माणूस गोंधळला. मुलाला म्हणाला, "साहेब, तुम्ही तर म्हणाला होतात, आजींना आता जमत नाही."

मुलगा खाली उतरला. मी त्याला नाना पेठेतलं सगळं सांगितलं, न ओरडता. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे चूक माझ्या तेलाची."

"तेल फुकटचं म्हणून मी घेतलं, ती चूक माझी. पण मला एक सांग. गाडी घसरली तेव्हा तुम्ही सगळे माझ्या हातावर आलात. तेलावर का नाही आलात?"

"अगं आई, एवढं महागाचं तेल..." म्हणाला आणि थांबला. स्वतःच्या तोंडातून काय निघालं ते त्याला कळलं.

सून म्हणाली, "पुढचं बोलू नका. आठशे रुपये लिटर आणि आई फुकट, असंच ना?" मला ही मुलगी कधीकधी आवडते.

मुलाने गाडीचा सरकलेला हार नीट केला. मग म्हणाला, "आणि खरंच हात गेला तर? तेव्हाही तू अशीच भांडशील."

"भांडेन. आणि चढावर नेऊन बघेन, आता नेलं तसं. नाही चढली आणि तेलही बरोबर असलं, तर मीच तुला फोन करीन. तू गिऱ्हाईक आणायचं नाहीस."

"वचन?"

"वचन कसलं? सांगितलं ना."

गिऱ्हाईकाने खिशातून आपट्याची पानं काढून माझ्या हातावर ठेवली, मला वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "आजी, तेल कुठलं घालता?" मी सांगितलं. एम ए बघून घ्या म्हणूनही सांगितलं. त्याने मोबाइलवर लिहून घेतलं. माझा मुलगा शेजारी उभा राहून ऐकत होता, पण त्याने लिहून घेतलं नाही. त्याच्या चारचाकीला गरज नव्हती.

तेवढ्यात वरच्या गल्लीतून कोणीतरी रिक्षा म्हणून हाक मारली. दसऱ्याला भाडी चांगली असतात, सगळ्यांना नव्या कपड्यांत कुठेतरी जायचं असतं. मी तिघांना म्हटलं, "गाडी मोकळी करा."

मुलगा म्हणाला, "आणि आम्ही?"

उतारच होता. त्यांना चालता येत होतं.